काळ्या रंगाखालचं शिंग

लाकडी फळी एक, तिच्यावर शिंगं दोन, खिळे चार, हळदीकुंकवाची बोटं अकरा. रंगाचे थर मोजता आले नाहीत. बाळकुमच्या जत्रेआधी राघोआजा दरवर्षी शिंगांना काळा ऑइलपेंट लावतो, त्याचा बाप लावायचा तसाच.

त्या बापाने येऊरच्या रानात गवा मारला, ही आमच्या घराची गोष्ट. माझा चुलतभाऊ मितेशदादा पालिकेच्या निवडणुकीला उभा राहिला आणि त्याने शिंगांचा फोटो बॅनरवर टाकला. वर लिहिलं, 'गव्याचं रक्त, बाळकुमचा वाघ'.

"गवा का वाघ, एक काय तं ठरव," आजा म्हणालेला.

समोरच्या पार्टीने तो बॅनर वनखात्याला पाठवला. गव्याची शिंगं कागदाशिवाय घरात ठेवणं गुन्हा आहे. आमच्याकडे कागद नाही, आणि घर आज्याच्या नावावर आहे. चार वाजता वनपाल येणार होते.

साडेतीनला मितेशदादा घामाघूम झालेला. "समृद्धी, तू झूलॉजीवाली ना? सांग त्यांना, म्हशीची आहेत. विषय कट."

"म्हशीचं शिंग मुळापासून काळं असतं. गव्याचं फिकट पिवळं, फक्त टोक काळं. ते रंग खरवडून बघणार, दादा."

"मग अजून एक हात मारू रंगाचा!"

"पोरीला खोटं शिकवतंस?" आजा खाटेवरून उठला. वय एक्क्याऐंशी, उठायला भिंत लागते. "मना जेलान नेऊ दे. पन माझे बापाचे गव्याला म्हस बोलू नको."

"आजा, आणि ती खरंच म्हशीची निघाली तर?" मी विचारलं.

आजा खुंटीवरचा इस्त्रीचा शर्ट काढून बटणं लावायला लागला. वरचं बटण दोनदा चुकलं.

वनपाल वेळेवर आले. फळी अंगणात खुर्चीवर ठेवली. मितेशदादा फोन कानाला लावून गेटपाशी उभा राहिला. फोन लागलेला नव्हता. वनपालांनी ब्लेड काढलं, उजव्या शिंगावर मुळापासून टोकापर्यंत एक पट्टी खरवडली आणि विचारलं, "टेप कोण धरतंय?"

मी पुढे झाले. टेपचं दुसरं टोक आज्याने मुळाशी अंगठ्याने दाबलं. मी आकडा दोनदा वाचला आणि मोठ्याने सांगितला.

उजवं शिंग, बाहेरच्या वळणाने, त्रेसष्ट सेंटिमीटर. मुळापासून शेहेचाळीस फिकट पिवळे. टोकाकडचे सतरा काळे.