वीस-वीसच्या पुढं

युलीननं माशाच्या वड्यांची कढई आज लवकरच उतरवली. रम विकणाऱ्या शेजारच्या दुकानाच्या पायरीवरून सीबर्ट ओरडला, "का गं, गिऱ्हाइकाला उपाशी मारतेस काय?"

"एक दिवस वडे नाही खाल्लेस तर मरत नाहीस तू. खेळायचंय मला," ती म्हणाली आणि भिंतीला टेकवलेली लाकडी बॅट उचलून रस्त्यावर आली.

रस्ता म्हणजेच आमचं मैदान. डांबरावर पांढऱ्या रंगाच्या रेघा, मध्ये जाळीच्या जागी आडवी लावलेली वीतभर उंचीची फळी, आणि वरची लव सोलून गुळगुळीत केलेला टेनिसचा चेंडू. हा चेंडू मेला नीट उसळतच नाही, त्यामुळे कमरेत वाकून खेळावं लागतं. पन्नाशीला टेकलेल्यांची दुसऱ्या दिवशी काय अवस्था होते ते विचारू नका.

फळीपलीकडे डार्नली खेळत होता. डार्नली टोरोंटोत बस चालवतो. दर नाताळला येतो, रोज संध्याकाळी आमच्या रस्त्यावर खेळतो आणि परत जातो. आज रात्रीचं विमान होतं. त्यानं लग्न केलं नाही, युलीननंही केलं नाही, आणि का केलं नाही ते गावातली शेळीसुद्धा सांगेल. हे दोघंच तेवढे त्याबद्दल बोलत नाहीत. बोलणार तरी कुठं? दुकानाच्या पायरीवर कुणीतरी बसलेलंच असतं, त्याच्या आईच्या घरी नातलगांचा बाजार. त्या रेघांच्या आत मात्र दोघांशिवाय तिसरं माणूस येत नाही. डार्नली टोरोंटोला गेल्यावर युलीन हा खेळ शिकली ती त्यासाठीच. बायका कशाला वाकतायत रस्त्यावर, असं म्हणणाऱ्यांना तिनं एकेक करून हरवलं.

पण नियम असा, की जिंकेल तो उभा राहतो, हरेल तो बाहेर आणि रांगेतला पुढचा आत. तिच्या आधी दोघं होते. डार्नली हरला असता तर सगळंच मुसळ केरात. त्याचा एकेक चेंडू जाताना तिचा जीव टांगणीला लागला होता. तो दोघांनाही पुरून उरला आणि युलीनचा नंबर आला.

"हळू खेळ हं, पाहुणा आहे मी," डार्नली म्हणाला.

"पाहुणा कसला? दर वर्षी वडे हादडून जातोस, पाहुण्यासारखा एक पाव तरी आणलास का कधी?"

तो हसला. तिला ते हसणं वर्षभर पुरवून वापरावं लागायचं.

एकवीस गुणांना डाव संपतो. ते वीस-वीसवर आले, म्हणजे आता कुणीतरी सलग दोन गुण घ्यायला हवेत. युलीननं एक घेतला, आणि दुसऱ्या वेळी तिचा हातच उठेना. तिनं चेंडू मुद्दाम रेघेबाहेर घालवला. खोटं कशाला बोलायचं, तिला खेळ संपायलाच नको होता. मग डार्नलीनं एक घेतला, आणि पुढचा साधा चेंडू त्यानं फळीत मारला. डार्नलीनं? पोरवयापासून रेघेच्या टोकावर चेंडू ठेवणाऱ्या माणसानं? तिला वाटलं, चुकला असेल. थोड्या वेळानं त्यानं तसाच चेंडू पुन्हा फळीत घातला. अगं बाई, ह्यालाही संपायला नकोय!

"अरे, माझा नंबर काय पुढच्या नाताळला येणार?" सीबर्ट बोंबलला. "संपवा की एकदाचं!"

युलीन चेंडू हातात घेऊन फळीपाशी आली. हळूच बोलली, पण अख्ख्या रस्त्यानं ऐकलं.

"डार्नली, जाऊ नकोस रे."

डार्नलीनं बाहीनं तोंड पुसलं. त्याचे डोळे भरले होते. ओठांवर काहीतरी आलं आणि त्यानं ते गिळलं, तिनं बघितलं.

"सर्व्हिस तुझी आहे, युलीन," तो म्हणाला.

बस्स? एवढंच? खेळ हवा तेवढा लांबवील, पण राहायचं म्हटलं की ह्याची दातखीळ बसते! तिच्या डोक्यात सणक गेली. एक घाव दोन तुकडे. पहिला चेंडू त्याच्या पायाशी, दुसरा कोपऱ्यात, डाव खलास.

"छान खेळलीस," तो म्हणाला आणि सामान आणायला आईच्या घराकडे गेला. तिला मागं जाता आलं असतं. पण जाऊन मागायचं काय? सीबर्ट बॅट घेऊन आत आला आणि ती खेळत राहिली.

चार-पाच गुण झाले असतील, तोच वरच्या अंगानं गाडी आली. टपावर सूटकेस, मागच्या सीटवर डार्नली. गाडी फळीपाशी येऊन थांबली. फळी बाजूला करायचं काम खेळणाऱ्यांचं.

"मी करतो, तू थांब," सीबर्ट म्हणाला. इतक्या मऊ आवाजात तो कुणाशी बोलल्याचं आम्हाला आठवत नाही.

"नको. ते टोक धर."

दोघांनी फळी उचलून कडेला नेली. डार्नलीनं काच खाली केली.

"युलीन, पुढच्या नाताळला आलो की—"

"जा आता. विमान चुकेल."

रेघांवरून गाडी निघून गेली. त्यांनी फळी परत मध्ये आणली. युलीननं पायानं ती सरळ केली, मागं गेली आणि सर्व्हिससाठी वाकली. वाकली ती वाकलीच राहिली. डांबरावर टपटप आसवं पडत होती. सीबर्ट पलीकडे बॅट खाली धरून थांबला, आणि रांगेतल्या कुणीही त्यांना घाई केली नाही.