लिंबाचा डाग आणि केसाएवढी पट्टी

हात लावू नका हो, आत्ताच तेल पुसून बसवलंय मला! पाच मिनिटांत यंत्र सुरू होईल, मग बोलायला सवड नाही. मी कुंभकोणमच्या चंद्रमौलींच्या शेडमधला पोलादी रूळ. पितळेची पट्टी न तापवता, थंडच, माझ्या आणि माझ्या जोडीदाराच्या मधून ओढतात आणि ती पातळ होऊन बाहेर पडते. एवढंच माझं काम, पण त्यात काय मजा आहे म्हणून सांगू!

ऐंशी साली आलो तेव्हा मी मांडीएवढा जाड होतो आणि अंग आरशासारखं. गोविंदपुरम्‌च्या भजनी मंडळींच्या चिपळ्यांतल्या चकत्या माझ्याच खालून गेलेल्या. थोडा गर्व होता, खोटं कशाला बोलू?

पंच्याऐंशीच्या आयुधपूजेला चंद्रमौलींच्या पत्नी मीनाक्षीबाईंनी हौसेनं मला गंध लावलं आणि कुंकू माखलेलं अर्धं लिंबू माझ्या पाठीवर पालथं ठेवलं. पूजा झाली की विजयादशमीपर्यंत यंत्राला हात लावायचा नाही, असा रिवाज. लिंबू रात्रभर तसंच राहिलं आणि माझी पाठ खाल्ली गेली. पुढे माझ्या प्रत्येक फेऱ्याला पट्टीवर एक डाग उठायला लागला. सगळा माल परत आला.

"माज्या हातानं जालं," म्हणत मीनाक्षीबाई रडल्या. त्या दिवसापासून त्यांनी कुठल्याच यंत्राला बोट लावलं नाही. आम्हा जोडीला कोपऱ्यात गोणपाटाखाली ढकललं आणि नवे जाडजूड रूळ आले.

एक्क्याण्णव साली बसच्या रेडिएटरसाठी पट्टी मागणारं गिऱ्हाईक आलं. जाडी केसाएवढी, मुदत दहा दिवस. इतर काम आटलेलंच होतं. चंद्रमौली मिस्त्रींना म्हणाले, "महालिंग, हे नाही जमलं तर शेडला कुलूप. मी मद्रासला नोकरी धरतो."

महालिंग घाम गाळत होते. दाबून दाबून पितळ कडक होतं, म्हणून भट्टीत घालून मऊ केलं. स्क्रू आवळले, आणखी आवळले. पट्टी मात्र एका जाडीवर अडून बसली. मला गोणपाटाखाली राहवेना! अहो, पोलादसुद्धा दबतं. पट्टी फार पातळ झाली की वरचा सगळा दाब रूळच खातो, जिथे टेकतो तिथे चपटा होतो आणि पितळ तसंच राहतं. पण सांगणार कसं?

आठव्या दिवशी मीनाक्षीबाई कॉफी घेऊन आल्या. महालिंग वैतागून म्हणाले, "काय करू अम्मा, रूळच चपटा होतोय."

त्या दारातूनच म्हणाल्या, "एवढ्या जाड लाटण्यानं अप्पळ होतं कां? अप्पळाला बारीक लाटणं पाह्यजे." अप्पळ म्हणजे आपला पापड.

महालिंगांनी कॉफी तशीच खाली ठेवली. आधी त्यांनी माझ्या अंगावरचं गोणपाट ओढलं, मग मापपट्टी लावली. दुसऱ्या दिवशी मी आणि माझा जोडीदार त्रिचीला, साणेवर घासून बारीक व्हायला! ठिणग्या उडत होत्या, मी बारीक होत होतो, आणि लिंबाचा डाग? कधी उडाला कळलंही नाही.

परतल्यावर पहिलीच पट्टी काठाला झालर लागून आली. बारीक रूळ लगेच वाकतो ना! महालिंगांनी जाड रुळांची जोडी आमच्या पाठीशी लावली, एक वर, एक खाली. पट्टीला दोन्हीकडून ताण दिला. यंत्र फिरलं. मागे पाठबळ, पुढे ओढ, अंगावर तेल. मला तर गाणं म्हणावंसं वाटलं! महालिंगांनी माप घेतलं, पुन्हा घेतलं आणि ओरडले, "सार, वंदुडुच्चु! उतरली!"

चंद्रमौली नाचायचेच बाकी होते. ते दाराशी उभ्या मीनाक्षीबाईंकडे गेले. "ये. आता तू हात लाव."

"नको हो. पुन्हा काय जालं तर?"

"लाव म्हणतो ना."

यंत्र थांबवलं. मीनाक्षीबाईंनी पदराला बोटं पुसली, दोनदा पुसली, आणि सहा वर्षांनी माझ्या पाठीवर तळवा ठेवला, जिथे डाग होता तिथेच. मी अजून गरम होतो. त्यांनी हात काढला नाही.

आज अठ्ठ्याण्णव साल. दरवेळी साणेवर गेलो की थोडा झिजतो. आणखी दोन-तीन खेपा, मग संपलो. त्याचं दुःख नाही, केसाएवढी पट्टी काढून चाललोय! एकच मागणं आहे, मीनाक्षीबाई. येत्या आयुधपूजेला लिंबू खुशाल आणा, पण ते उंबऱ्यावर ठेवा. माझ्या पाठीवर फक्त तुमचा हात ठेवा.