माऊसखालचं पीठ

नीलमनं नवा माऊसपॅड टेबलावर ठेवला आणि वडिलांचा उजवा हात उचलून माऊसवर टेकवला. सिद्धोधन गुरुजींची वाचा लकव्यानं गेली होती. शरीरात तेवढा एक हात चालायचा, तोही मनगटापुरता. काही सांगायचं झालं तर कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या तक्त्यातलं एकेक अक्षर माऊसनं दाबायचं, एवढाच मार्ग उरला होता.

आणि पिंगळीतल्या त्या घराच्या पुढच्या खोलीत पिठाची गिरणी. कितीही पडदे लावा, पीठ आत यायचंच. ते माऊसच्या पोटाला चिकटायचं, उजेडाच्या भोकात जाऊन बसायचं, आणि पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजायचा. परवा असाच शब्द अर्ध्यात राहिला, तेव्हा गुरुजींनी संतापून माऊस खाली लोटून दिला होता.

नीलमनं आधी टॉवेलचं कापड अंथरून पाहिलं. त्यानं पीठ धरूनच ठेवलं. काचेवरून गुरुजींचा हात घसरायला लागला. शेवटी तिनं जाड रेक्झिनला चिरा पाडल्या, पीठ खाली गळावं म्हणून, आणि वरच्या कडेला टूथब्रशचे केस कापून पट्टी बसवली. माऊस तिच्यावरून गेला की त्याचं पोट आपोआप झाडलं जाईल, असा तिचा अंदाज.

"बाबा, अडकला की वर न्यायचा, पट्टीवरून. बघा बरं."

"नीलू, चालू कर की माय," दारातून कडूबाईनं हाक दिली. शेजारची कडूबाई ज्वारीचा डबा घेऊन कधीची उभी होती. "पोरं भुकेजलीत."

"आले, मावशी."

तरी नीलमचा पाय निघेना. बाण सरकला. व. मग काना.

वा.

नीलमला भरून आलं. कौतुकाचा शब्द गुरुजींकडून तसाही क्वचितच मिळायचा. "आवडला व्हय बाबा?" म्हणत तिनं ओढणीनं नाक पुसलं. सर्दीनं ते पार चोंदलं होतं.

ती गिरणीकडे वळली. ज्वारी वरच्या टोपात ओतली. मागं टेबलावर थाप पडली.

"येते बाबा, एवढं दळण होऊ द्या."

पुन्हा थाप. नीलमचं बोट भिंतीवरच्या खटक्यावर टेकलं होतं. खटका जुना झालेला, दाबला की आत निळी ठिणगी उडायची. तिनं वैतागून मधल्या उघड्या दारातून मागं पाहिलं. गुरुजी तिच्याकडेच बघत होते. कपाळावर घाम. बाण तक्त्यावर थिजलेला, आणि ते माऊस वर ढकलायचा प्रयत्न करत होते. पट्टी जराशी लांब पडत होती.

"पानी पाहिजे का?"

गुरुजींनी डोळे गच्च मिटून उघडले. हे त्यांचं 'नाही'. नीलमचं बोट तिथंच थांबलं. मनगट थरथरलं, माऊस पट्टीवर चढला, खाली घसरला. बाण हलला. स वरून पुढं गेला. मागं आला.

वास.

"कसला वास?" नीलमनं जोरात श्वास ओढला. काहीच कळलं नाही. मग तिला आपल्या चोंदलेल्या नाकाची आठवण झाली. "मावशी, आत या. कसला वास यायलाय का बघा."

कडूबाई उंबऱ्याच्या आत आली आणि तिनं तोंडाला पदर लावला. "अगं बया, गॅस! लय सुटलाय!"

नीलमनं खटक्यावरून बोट काढलं, अगदी हळू, जणू जोरात काढलं तरी काही होईल. "कशालाच हात लावू नका मावशी. बाबाला बाहेर घ्या." ती श्वास कोंडून स्वयंपाकघरात पळाली, सिलेंडरचं बटण फिरवलं, मागचं दार सताड उघडलं. मग दोघींनी मिळून गुरुजींची खुर्ची अंगणात ओढली.

शेगडीजवळ नळी चिरली होती. सकाळी चहा केल्यावर सिलेंडर बंद करायचा राहून गेला होता. नीलम अंगणात मातीतच बसली.

"त्यांनी सांगितलं म्हणून," कडूबाई पुटपुटली, "न्हाई तर..."

दुपारी नवी नळी बसली. गिरणी त्या दिवशी बंदच ठेवली. नीलमनं गुरुजींना पुन्हा टेबलाशी बसवलं. त्यांनी बराच वेळ घेऊन लिहिलं: पट्टी लांब पडते.

तिला रडू फुटलं. डोळे पुसत तिनं पट्टी उचकटली आणि त्यांच्या मनगटाजवळ धरली.

"इथं?"

बाण हळूहळू अक्षरांवरून फिरला.

अजून खाली.