उबदार करडा

फोटो छापून देणाऱ्या शाईताईने दुसरा प्रिंट खिडकीपाशी नेला आणि पालथा करून बाजूला ठेवला. ट्यूबलाइटखाली ठीक वाटलेला बाळाचा गाल दिवसाच्या उजेडात हिरवट दिसत होता. कागदाचं प्रोफाइल, म्हणजे त्या कागदासाठी ठरवलेलं रंगांचं प्रमाण, निवडून सगळ्या रंगीत शाया मिसळू दिल्या की करड्यात असा एखादा रंग डोकावतोच. त्याआधी तिने नुसती काळी शाई वापरून पाहिली होती. तेव्हा गालावर वाळू सांडल्यासारखे ठिपके उमटले होते.

फोटो बाळाच्या वडिलांनी पाठवला होता. नर्सने त्यांच्याच फोनवर काढलेला. मुलगी जन्मली, पण रडलीच नाही. काळापांढरा करून द्या, ओठांचा रंग बघवत नाही, एवढंच ते फोनवर म्हणाले होते.

शेवटी तिने प्रिंटरचा स्वतःचा ब्लॅक अँड व्हाइट मोड लावला. त्यात काळ्या-करड्या शायाच सगळं काम करतात, रंगीत शाई चवीपुरती. छटा तिने मधोमध न ठेवता किंचित उबदार बाजूला सरकवली. या वेळी कागद बाहेर आला तेव्हा बाळ नुकतंच दूध पिऊन झोपल्यासारखं दिसत होतं. खिडकीतही ते तसंच राहिलं. शाईताईला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचं वाईटही वाटलं.

दुपारी नवरा-बायको आली. बायको जिना चढताना थांबत थांबत येत होती. टाके अजून ओले होते. नवऱ्याने प्रिंट पाहिला आणि त्याचा चेहरा जरा सैल झाला. छान आलाय, असं तो म्हणाला खरा, पण 'छान' या शब्दापाशीच अडखळला.

बायकोने प्रिंट मांडीवर घेतला. तिचं बोट बाळाच्या गालापर्यंत गेलं, टेकलं मात्र नाही.

"झोपल्यासारखी दिसतेय."

शाईताईने मान डोलावली. मुद्दामच छटा थोडी उबदार ठेवल्याचं तिने हळू आवाजात सांगितलं.

"ताई, मी घेतलं तेव्हा ती गार होती," बायको म्हणाली. "किती तरी वेळ घेऊन बसले होते. मला तीच हवी."

नवऱ्याने हेल्मेट उचललं. खाली थांबतो म्हणाला आणि निघून गेला.

शाईताईने छटा मधोमध आणली, मग आणखी थोडी गार बाजूला नेली. प्रिंटर घरघरू लागला. आधी कपाळ आलं, मग मिटलेल्या पापण्या, मग ओठ. बायको उठून मशीनजवळ आली आणि बाहेर येणाऱ्या कागदाखाली तिने दोन्ही हात धरले. शाई ओली आहे, हात लावू नका, हे शाईताईच्या ओठांवर येऊन तिथेच राहिलं.

बायकोने कागद उजेडाकडे वळवला.

"हीच," ती म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा रडली.

प्रिंट सुकल्यावर तो पाकिटात घालून ती सावकाश खाली उतरली. थोड्या वेळाने जिन्यात भराभर पावलं वाजली. नवरा परत आला होता. काहीतरी राहिलं म्हणून आलो, असं पुटपुटत त्याने खोलीभर नजर फिरवली. त्याचं तिथे काहीच राहिलेलं नव्हतं.

"तो आधीचा फोटो टाकून देणार का?"

"अजून नाही."

"मला द्याल?" तो जमिनीकडे पाहत म्हणाला. "मी तिला घेतलंच नाही हो. नर्सने पुढे केली होती. मी म्हटलं, नंतर घेतो."

शाईताईने उबदार प्रिंट पातळ कागदात गुंडाळून त्याच्यापुढे धरला. त्याने आधी तो काखेत घेऊन पाहिला, मग शर्टाच्या आत. कुठेच नीट राहीना.

"वाकेल," ती म्हणाली. "खालून हात द्या."

त्याने हात दिला. खालून बायकोची हाक आली, तरी तो तसाच उभा राहिला.