एकशे सत्तेचाळिसावा नियम

"काका, हा शेवटचा नियम जरा खटकतोय." कॉम्प्युटरवालीनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "मशीनचे पट्टे नेहमी जोडीनं मागवायचे म्हणालात. पण तीन नंबरच्या मशीनला पाचच लागतात. सिस्टिम सहा मागवतेय."

मी चष्मा काढून पुसायला घेतला.

कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी चौतीस वर्षं काढली. महिनाअखेर निवृत्ती. माझ्या डोक्यात आहे ते सगळं सिस्टिममध्ये भरायचं, म्हणून साहेबांनी हिला पाठवली. म्हटलं, घ्या, चाव्यांबरोबर डोकंही जमा करून घ्या! पण पोरगी खुर्ची ओढून समोर बसली आणि म्हणाली, "सांगा." बायको गेल्यापासून मला असं कुणी म्हटलं नव्हतं.

मग काय, सुटलोच. फिटरनं बारा वॉशर मागितले की आठच द्यायचे, चार तो कपाटात दडवतो. रबर दोन वर्षं जुनं झालं की दिसायला कितीही कोरं असो, द्यायचं नाही. ती लिहून घ्यायची, प्रत्येक वेळी "का?" विचारायची, हसायची. तीन आठवडे मी रोज दाढी करून कामावर आलो.

सोमवारी सांगण्यासारखं काही उरलं नाही. तसं म्हटलं असतं, तर ती मंगळवारी आली नसती. म्हणून पट्ट्यांचं ते ठोकून दिलं. नेमकं तेव्हाच तिनं "का?" विचारलं नाही.

"तुम्ही सांगताय म्हणजे काहीतरी कारण असणारच," लॅपटॉप पुन्हा स्वतःकडे वळवत ती म्हणाली. "ठेवते मी."

माझ्या जागी येणारा माणूस डोळे झाकून या सिस्टिमवर चालणार होता.

"खोड तो," मी म्हणालो. "थाप आहे."

"म्हणजे?"

"मी रचलाय. तू यायची बंद झाली असतीस, म्हणून."

तिनं तो नियम खोडला. चिडली असती तर बरं वाटलं असतं.

"काका, बाकीच्यांत असा आणखी एखादा?"

"एकही नाही, पोरी."

"तरी मला आता सगळे तपासावे लागतील."

"तपास की. वाच."

दुपारचे दोन वाजले होते. ती एकेक नियम वाचत गेली, मी "बरोबर" म्हणत गेलो. मधेच फिटर काहीतरी मागायला आला, त्याला हाकलला. मला वाटलं होतं, दोन-तीन दिवस तरी सहज जातील. एकशे सेहेचाळिसाव्याला "बरोबर" म्हणालो आणि तिनं लॅपटॉप मिटला, तेव्हा पाचसुद्धा वाजले नव्हते.