कडेची काळी रेघ

फळीवर टाचलेल्या फोटोंखाली नावं नव्हती, तरी सबनीसांचा फोटो कुठला ते सगळ्यांना ठाऊक होतं. कौशल्येलाही.

मल्लेश्वरममधल्या शाळेच्या हॉलमध्ये फोटो-मंडळाची १९९६ मधली शेवटची बैठक भरली होती. रस्त्यावर, कुणाला न सांगता टिपलेले काळेपांढरे फोटो. त्यातला एकच दिल्लीच्या प्रदर्शनाला जायचा. विद्याधर सबनीस मार्चमध्ये सरकारी कारखान्यातून निवृत्त होऊन पुण्याला परतणार होते. दिल्लीची भिंत त्यांना एकदाही मिळाली नव्हती. आता हुकली तर कायमचीच. आणि यंदा फोटोंवर बोलायची पाळी कौशल्या माने हिची होती.

तिनं पर्समधून पुठ्ठ्याचे दोन काटकोन काढले. फोटोवर समोरासमोर धरून सरकवले की चौकट लहानमोठी होते, कुठं कापावं ते कळतं. ही रीत तिला सबनीसांनीच दाखवली होती, तिच्याच फोटोवर.

तेव्हा ती मंडळात नवी होती, सबनीसांना 'अण्णा' म्हणायची. तिनं बाजारातल्या दोन भांडणाऱ्या फुलवाल्या टिपल्या होत्या. सबनीसांनी काटकोन सरकवत सरकवत आधी एक बाई उडवली, मग दुसरी. उरली एक फाटकी छत्री. "आता बघा कसा छान झाला!" हॉल हसला. कौशल्याही हसली, कारण सल्ला सल्ल्यासारखा घ्यायचा असतो. पुढच्या महिन्यात ती खरंच फोटो कापून, नव्यानं छापून घेऊन आली. "कापून आणलात?" सबनीस म्हणाले. "कौशल्याबाई, फोटो रस्त्यावर बघून काढायचा असतो. घरी बसून शिवणकाम करायचं नसतं." त्याच संध्याकाळी त्यांनी मंडळाकडून नियम करून घेतला: या विभागात फोटो अखंड हवा, निगेटिव्हच्या कडेची काळी रेघ चारी बाजूंनी दिसायला हवी, म्हणजे कुठं कात्री लागलेली नाही हे कळतं. त्या दिवसापासून ते तिचे 'सर' झाले.

"सुरू करा, अक्का," चिटणीस देवाप्पा म्हणाला.

मंडळाची पद्धत होती, आधी चांगलं सांगायचं. कौशल्येनं सबनीसांच्या फोटोपासून सुरुवात केली. आनेकलचा बसस्टँड, कारखाना सुटल्यावरची झुंबड, दारात उभा राहून ओरडणारा कंडक्टर. "उजेड सुरेख पकडलाय. काळ्यातही तपशील शाबूत आहे. हात सरावलेला आहे."

सबनीसांनी पाय लांब केले.

"फक्त माझी नजर कंडक्टरवर टिकत नाही. सारखी डावीकडं जाते." तिनं काटकोन ठेवले आणि सावकाश सरकवले. कंडक्टर गेला. बसचं दार गेलं. झुंबडीतली डोकी गेली. हॉलमध्ये कुणी हसलं नाही.

उरली एक कामगार मुलगी. सगळे दाराशी रेटारेटी करताहेत आणि ही बसच्या बाजूच्या आरशात बघून केसांत मोगरा खोचतेय. आरशात तिचा एकच डोळा, शांत.

"अय्यो," देवाप्पा पुटपुटला.

सबनीस उठून फळीशी आले. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी जवळून पाहिलं. स्वतः काढलेल्या, स्वतः छापलेल्या फोटोतली ही मुलगी त्यांना आजवर दिसली नव्हती. हे त्यांच्या तोंडावर सगळ्यांना वाचता आलं.

"दाणा उठेल मोठा केल्यावर, खरखरीत दिसेल," ते म्हणाले.

"उठू दे, सर. मोगऱ्याला शोभेल."

"आठवडा आहे ना हातात? मी रविवारपर्यंत एवढाच भाग छापून आणतो." त्यांचा आवाज एकदम तरुण झाला होता. "कौशल्याबाई, काय नजर आहे हो तुमची!"

कौशल्या याच वाक्याची वाट बघत होती. तिनं त्यांना ते पुरतं म्हणू दिलं.

"कापून आणणार?" तिनं विचारलं. "मग काळी रेघ कुठून आणाल? नियम तुमचाच की हो, अण्णा."

सबनीसांनी देवाप्पाकडं पाहिलं. देवाप्पा खिडकीबाहेर बघू लागला.

"एकदा सवलत..." सबनीस म्हणाले.

"मला कुणी दिली नव्हती." तिचा आवाज चढला नाही. "मी खोटं एक अक्षर बोललेले नाही, सर. हा तुमचा आजवरचा सगळ्यात चांगला फोटो आहे. तुम्ही तो रस्त्यावर बघितला असतात, तर दिल्लीला गेला असता."

तिनं काटकोन उचलले. कंडक्टर परत आला, दार आलं, डोकी आली. पण आता सगळ्यांचे डोळे डाव्या कोपऱ्यातच अडकले होते, आणि कंडक्टर उगाच मध्ये उभं राहून ओरडणाऱ्या माणसासारखा दिसत होता.

देवाप्पानं घसा खाकरला. "सरी, ठीक आहे. आहे तसा, अखंड फोटो दिल्लीला पाठवावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

कौशल्येनं हॉलभर नजर फिरवली, मग सबनीसांकडं वळून थांबली. ते खुर्चीत परत बसले होते, हात मांडीवर. तेही त्या कोपऱ्याकडंच बघत होते. त्यांचाही हात वर गेला नाही.

"पुढचा फोटो," ती म्हणाली.