एकोणनव्वदावा दाखला

"अहो, बाहेरून कुलूप लावताय खरं, पण मला शिंक आली तर?"

"दाबायची."

"दाबली की कानात दडे बसतात माझ्या."

"बसू देत! आजचा एक दिवस गप्प बस ना. हात जोडतो तुझ्यापुढे."

राखणदाराने खरोखरच हात जोडले. पण तोवर दार लागलं होतं, त्यामुळे बायकोला ते दिसले नाहीत. त्याने कुलूप ओढून पाहिलं, किल्ली आतल्या खिशात टाकली आणि मागे सरून खोलीकडे परक्या माणसासारखं बघितलं. कपडे वाळत घालायची दोरी सोडून खिशात कोंबली होती. धुतलेले ओले कपडे पिळून बादलीत, बादली आत. दारातली तुळई, म्हणजे बसायचा ओंडका, लोटत लोटत भिंतीमागे नेला होता. सकाळपासून चूलही पेटवली नव्हती. राहतं घर अर्ध्या तासात अडगळीची खोली झालं होतं. आपल्याला हे इतकं छान जमावं याची त्याला लाज वाटली, पण भीती त्याहून मोठी होती.

आवार अकरा एकरांचं. केंद्र सरकारच्या कुठल्याशा खात्याची गोदामं तिथे होती. बावीस वर्षांपूर्वी गोदामं पाडायचा हुकूम आला, त्यात राखणदाराची खोलीही होती. गोदामं पडली. खोलीपाशी आल्यावर तेव्हाच्या साहेबांनी दारातून आत डोकावलं. आत दहा दिवसांची मुलगी होती आणि तिला पाजत बसलेली आई. साहेब मागे फिरले आणि म्हणाले, "ही आपण कागदावर पाडू. तू फक्त तोंड उघडू नकोस."

राखणदाराने तोंड उघडलं नाही. दर तीन महिन्यांनी वरून एक छापील दाखला यायचा: 'सदर जागेवर बांधकाम नाही, कोणी राहत नाही, जागा मोकळी आहे.' त्याखाली तो सही करायचा. खोलीत बसून, मांडीवर पाट घेऊन. मुलगी मोठी झाली, सासरी गेली, ते साहेबही वारले, आणि कोणी राहत नसल्याचे अठ्ठ्याऐंशी दाखले त्याच्या हातून गेले. कचेरीत त्याच्या टापटिपीचं कौतुक व्हायचं. एकही दाखला कधी उशिरा गेला नाही.

आता ती जमीन शहराच्या पालिकेला मिळणार होती. बस आगारासाठी. आज मोजणी, मग ताब्याच्या कागदावर सह्या, आणि त्याआधी राखणदाराचा शेवटचा दाखला. त्याचा हिशोब सरळ होता. पालिकेचं काम म्हणजे कागद फिरायलाच वर्ष जाईल. निवृत्तीला दीड वर्ष उरलंय. तेवढं निभावलं की सुटलो.

जीप फाटकातून आत आली. तिच्यामागून पिवळा बुलडोझर आला.

"हे आजच?" त्याने कसंबसं विचारलं.

"मग काय, मुहूर्त बघायचा?" पालिकेच्या अभियंता बाई हसल्या. बाई तरुण होत्या, बुटांना चिखल लागायची फिकीर नसलेल्या. "दहा वर्षं मागत होतो आम्ही ही जमीन. सही झाली की लगेच सपाटीकरण."

खात्याचे साहेब छत्री घेऊन उतरले. चार वर्षं ते या जागेचे साहेब होते आणि आज पहिल्यांदा तिच्यावर पाय ठेवत होते. राखणदाराच्या शेवटच्या सोळा दाखल्यांखाली 'प्रत्यक्ष पाहणी केली' म्हणून त्यांचीही सही होती.

मोजणीदाराने फीत ओढली. हद्दीचे दगड एकेक करून सापडत गेले. राखणदार पुढे होऊन गवत बाजूला करत होता, दगड दाखवत होता, आणि प्रत्येक दगडागणिक सगळे खोलीच्या जवळ सरकत होते. मनातल्या मनात तो बायकोला म्हणत होता, शिंकू नकोस, हलू नकोस, भांडं पाडू नकोस.

"ही खोली नकाशात नाही," बाई म्हणाल्या.

साहेबांनी राखणदाराकडे पाहिलं.

"फावडी, घमेली ठेवतो," राखणदार म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला लांबून आल्यासारखा वाटला. "पडीक आहे तशी."

"ठीक आहे, मग सुरुवात हिच्यापासूनच करू." बाईंनी चालकाला हात केला. "साहेब, तेवढा दाखला घ्या सही करून."

साहेबांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवला, पेन उघडून दिलं. तिकडे बुलडोझर धडधडायला लागला. राखणदाराने पेन धरलं. आधी सही करू, मग किल्ली हरवली म्हणू, मग सगळे जेवायला गेले की तिला मागच्या खिडकीतून... मागच्या खिडकीला गज होते. ते त्यानेच बसवले होते, मुलगी रांगायला लागली तेव्हा.

तेवढ्यात खोलीतून शिंक आली. दाबायचा पुरता प्रयत्न केलेली, तरी निसटलेली.

मोजणीदाराची फीत हातातच राहिली. साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. आपल्या सोळा सह्या त्यांनाही आठवल्या असणार.

"मांजर असेल," साहेब घाईघाईने म्हणाले, आणि राखणदाराच्या कानाशी वाकून पुटपुटले, "कर सही. नंतर बघू आपण."

हीच ती मऊ बोली. बावीस वर्षांपूर्वीही अशीच कानाशी आली होती आणि तेव्हा तिने घर वाचवलं होतं. राखणदाराच्या कपाळावरून घाम ओघळून कागदावर पडला. नोकरी जाईल. खटला होईल. लोक विचारतील, जावई विचारेल. आणि दाराच्या पलीकडे ती पदर तोंडात कोंबून, आपल्यामुळे घात झाला असं समजून बसली असेल.

"मांजर नाही, साहेब," तो म्हणाला. "बायको आहे माझी."

त्याने चालकाकडे हात हलवला. यंत्र थांबलं. मग त्याने छापील मजकुरावर रेघ मारली आणि खाली आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'एक खोली आहे. दोन माणसं राहतात.' सही केली. तारीख घातली.

"अरे, काय केलंस हे कळतंय का तुला?" साहेब ओरडले. "अठ्ठ्याऐंशी दाखले खोटे ठरले तुझे!"

"कळतंय, साहेब."

कुलूप उघडायला त्याला तीनदा किल्ली लावावी लागली. बायको डोळे पुसत बाहेर आली. समोर एवढी माणसं बघून तिने पदर सावरला आणि ओंडका जागेवर नाही म्हणून आतली सतरंजी आणून बाईंसमोर अंथरली.

बाई बसल्या नाहीत. कागद पुन्हा पुन्हा वाचत होत्या. "आज नाही पाडत," शेवटी त्या म्हणाल्या. "पण मावशी, पाडावी लागणारच. नोटीस काढते. पंधरा दिवस मिळतील."

"पंधरा दिवस?" बायकोने बादली उचलली. "मग कपडे तरी वाळतील."

राखणदाराने खिशातून दोरी काढली. एक टोक खिळ्याला बांधलं आणि दुसरं धरून उभा राहिला. बायको एकेक ओला कपडा झटकून, सगळ्यांसमोर, दोरीवर टाकत गेली.